स्टेडियमची तयारी, शहराची तयारी



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य शाळेच्या मैदानावर गेलं. मुलांना वेळेवर मैदानावर आणणं, फक्की मारून रेषा आखणं, खेळ संपल्यावर मैदान झाडून घेणं हे त्यांचं रोजचं काम. अशा माणसाच्या नावानं बोलायचं, तर विक्रमांपेक्षा आणि मानकऱ्यांपेक्षा मैदानाबद्दल बोलावं, असं मला वाटलं. म्हणून आज हा विषय घेतला आहे. एखादं शहर आपलं स्टेडियम मोठ्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी तयार करतं, तेव्हा नेमकं काय काय करावं लागतं? आणि त्या खटाटोपातून शहराच्या पदरात काय पडायला हवं?

उदाहरण आपल्याच दारातलं घेऊ. ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात १७ वर्षांखालील मुलांचा फिफा विश्वचषक भारतात झाला. फिफाची स्पर्धा आपल्या देशात पहिल्यांदाच होत होती. २४ संघ, ५२ सामने आणि सहा शहरं: दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगाव आणि नवी मुंबई. यजमानपद मिळालं डिसेंबर २०१३ मध्ये. म्हणजे तयारीसाठी जेमतेम चार वर्षं. या ५२ सामन्यांना १३ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. १९८५ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेचा गर्दीचा उच्चांक तोपर्यंत टिकून होता, तो भारतात मोडला. १८३ गोल झाले, हाही या स्पर्धेतला तोवरचा उच्चांक. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात स्पेननं दोन गोलांची आघाडी घेतली होती, तरी इंग्लंडनं ५-२ असा विजय मिळवला. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला फिल फोडन पुढे जगभर गाजला.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलं नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. हे स्टेडियम २००८ मध्ये उभं राहिलं. रचना हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांची. छत पुढे झेपावलेलं, पण मध्ये खांब नाहीत, त्यामुळे कुठल्याही खुर्चीवरून मैदान अडत नाही. त्याच वर्षी आयपीएलचा पहिला अंतिम सामना इथेच झाला. म्हणजे जन्मानं हे क्रिकेटचं मैदान. पुढे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतल्या मुंबई सिटी एफसीनं आपले पहिले दोन हंगाम इथे खेळले आणि फुटबॉलचा या मैदानाशी संबंध जडला. विश्वचषकात इथे आठ सामने झाले. पहिल्या दिवशी न्यूझीलंड आणि तुर्कस्तान बरोबरीत सुटले. नरक चतुर्दशीच्या दिवशी, १८ ऑक्टोबरला, घाना आणि नायजर इथे बाद फेरीत भिडले. २५ तारखेच्या उपांत्य सामन्यात स्पेननं मालीला ३-१ असं हरवलं.

हे सारं आपण पाहिलं ते रात्रीच्या झगमगत्या प्रकाशात. मला बोलायचं आहे ते त्या प्रकाशाखालच्या जमिनीबद्दल. स्टेडियमच्या तयारीतलं सगळ्यात नाजूक काम सिमेंटचं नसतं, गवताचं असतं.

फुटबॉलचं आंतरराष्ट्रीय मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. एवढ्या जागेत गवत सारखं वाढलेलं, सारखं कापलेलं आणि सारखं घट्ट हवं. आपल्या हवेत त्यासाठी बहुतेक ठिकाणी बर्म्युडा जातीचं गवत लावतात. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, शेतकरी ज्या हरळीनं हैराण होतो, तीच ही वनस्पती, तिचे निवडक वाण. हरळी चिवट का, हे शेतकऱ्याला विचारा. ती जमिनीवरून धावती खोडं टाकते आणि जमिनीखालूनही पसरते. तुटली तरी पुन्हा धरते. खेळाडूच्या बुटाखाली गवताचा तुकडा उखडला, तर शेजारचं गवत काही दिवसांत ती जागा भरून काढतं. मैदानाला हाच गुण हवा असतो. पण या गवताची एक अट आहे: त्याला भरपूर ऊन लागतं. सावलीत ते विरळ होतं, पिवळं पडतं.

आता नवी मुंबईचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. स्पर्धा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू. त्याआधीचे चार महिने कोकणपट्टीचा पाऊस. आभाळ दिवसचे दिवस भरलेलं, ऊन नाही, हवेत कायम दमटपणा, त्यामुळे बुरशीची भीती. त्यात स्टेडियमच्या छताची सावली. गवताला उन्हाची सर्वाधिक गरज असते, नेमकं तेव्हाच ते मिळत नाही. पाऊस परततो न परततो तोच ऑक्टोबरचा उन्हाळा सुरू होतो आणि मग पाण्याचं गणित पार बदलतं. मैदानाची निगा राखणाऱ्या माणसांना या दोन टोकांमधल्या थोड्याशा दिवसांत गवत सामन्याच्या तोडीचं करायचं असतं. म्हणून अशा स्पर्धांच्या आधी काही आठवडे मैदानावर कुणालाच खेळू देत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, मैदान रिकामं पडलं आहे. प्रत्यक्षात तेव्हाच तिथे सर्वांत जास्त काम चाललेलं असतं.

गवताखाली काय आहे, यावर सारं ठरतं. चांगल्या मैदानात वरचा सुमारे फूटभर थर मुख्यत्वे वाळूचा असतो. त्याखाली खडीचा थर, आणि त्या खडीत ठरावीक अंतरावर टाकलेल्या सच्छिद्र नळ्या. मुसळधार पाऊस झाला तरी पाणी वर साचत नाही, झिरपून खाली जातं, नळ्यांतून बाहेर पडतं. हे काम नीट झालं असेल तर ते कुणाला दिसत नाही. कच्चं राहिलं तर अख्खं जग पाहतं. २०१७ मध्येच गुवाहाटीत हे घडलं. पावसानं तिथलं मैदान इतकं खराब झालं, की तिथे ठरलेला ब्राझील आणि इंग्लंडचा उपांत्य सामना ऐन वेळी कोलकात्याला हलवावा लागला. गुवाहाटीच्या लोकांनी तिकिटं काढली होती, शहर सजलं होतं. कोलकात्यानं जेमतेम दोन दिवसांत सारी व्यवस्था उभी केली आणि तिथलं स्टेडियम भरलंही, याचं कौतुक करायलाच हवं. पण आसामच्या मुलांनी ब्राझीलला आपल्या शहरात खेळताना पाहिलं नाही, हेही विसरता येत नाही.

क्रिकेटचं मैदान फुटबॉलला द्यायचं, तर आणखी एक अडचण असते. मैदानाच्या मधोमध क्रिकेटच्या खेळपट्ट्या असतात. त्यांची माती चिकण, रोलर फिरवून फिरवून दगडासारखी केलेली. भोवतीच्या वाळूच्या थरात पाणी झिरपतं, या मातीत झिरपत नाही. भोवती पाय थोडा रुततो, इथे आपटतो. चेंडू एका ठिकाणी एक उसळी घेतो आणि चार पावलांवर दुसरीच. खेळाडूच्या घोट्याला आणि गुडघ्याला हा फरक बाधतो. म्हणून हा मधला भाग एक तर खोदून काढावा लागतो, नाही तर त्यावर तयार गवताच्या पट्ट्या बसवून त्या भोवतालच्या गवताशी एकजीव होईपर्यंत थांबावं लागतं. पुढे क्रिकेट परत आणायचं तर हाच खटाटोप उलट्या दिशेनं.

डी. वाय. पाटीलचं २०२२ हे वर्ष पाहा. जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा एएफसी आशियाई चषक. मार्चअखेरपासून आयपीएलचे २० सामने. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या फिफा विश्वचषकाचे सामने, आणि ३० ऑक्टोबरला त्याचा अंतिम सामना, ज्यात स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं. डिसेंबरमध्ये भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघांचे ट्वेंटी-२० सामने. एकाच जमिनीनं एका वर्षात दोन खेळांचे चार मोठे सोहळे पेलले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तोही याच मैदानावर. त्या रात्री आपण सर्वांनी ज्यांचं नाव घेतलं नाही, त्या माळ्यांचा आणि मैदान-कामगारांचा या साऱ्यात मोठा वाटा आहे. इथे त्यांना मन:पूर्वक नमस्कार करतो.

आता गवतावरून वर पाहू. दिव्यांकडे. थेट प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्यांना लागणारा प्रकाश आपल्या डोळ्यांना लागणाऱ्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो सगळीकडे सारखा हवा. एका कोपऱ्यात उजेड आणि दुसऱ्यात अंधूक असं चालत नाही. जुन्या पद्धतीचे मेटल हॅलाइड दिवे एकदा विझले की थंड होऊन पुन्हा पूर्ण पेटायला बरीच मिनिटं लागतात. म्हणजे वीज क्षणभर गेली तरी सामना लांबतो. त्यामुळे मोठ्या सामन्यांना जनरेटर आणीबाणीपुरते बाजूला ठेवून चालत नाही. विजेचे दोन स्वतंत्र मार्ग सज्ज ठेवावे लागतात आणि एक बंद पडला तर दुसरा विनाखंड चालावा, याची आधी रंगीत तालीम घ्यावी लागते.

मग ड्रेसिंग रूम. एका सामन्याला दोन पुरतात. पण २०१७ मध्ये साखळी फेरीच्या दिवशी एकाच मैदानावर संध्याकाळी पाचला एक आणि आठला दुसरा सामना असे. पहिले दोन संघ आत असतानाच पुढचे दोन येऊन पोहोचणार. म्हणून एकाच तोडीच्या चार खोल्या हव्यात. यजमानांना मोठी आणि पाहुण्यांना अडगळीची, असा भेद चालत नाही. पंचांची खोली वेगळी, आणि महिला पंचांची त्याहून वेगळी. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण याच स्पर्धेत कोलकात्याला स्वित्झर्लंडच्या एस्थर श्टाउब्ली यांनी जपान आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या सामन्यात मुख्य पंच म्हणून काम केलं. मुलांच्या विश्वचषकात महिला मुख्य पंच होण्याची ती पहिलीच वेळ. याशिवाय उत्तेजक चाचणीची खोली, डॉक्टरांची खोली, पत्रकारांच्या बैठकांची खोली, नियंत्रण कक्ष. हजारो प्रेक्षकांपैकी कुणाच्याही नजरेस या खोल्या पडत नाहीत. त्या नसल्या तर मात्र स्पर्धा होत नाही.

आता प्रेक्षकांकडे वळू. आपल्याकडे स्टेडियमचा मोठेपणा माणसं किती कोंबता येतात यावर मोजायची जुनी सवय आहे. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम १९८४ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याची क्षमता सव्वा लाखाच्या घरात सांगितली जाई. १९९७ मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्याला तिथे १ लाख ३१ हजार माणसं होती. विश्वचषकासाठी याच स्टेडियमचं रूप बदललं: सिमेंटच्या पायऱ्यांवर क्रमांक असलेल्या खुर्च्या बसल्या, वाटा रुंद झाल्या, कृत्रिम गवत काढून नैसर्गिक गवत आलं. क्षमता जवळपास निम्मी झाली. मी याला घट मानत नाही. प्रत्येक माणसाला स्वत:ची जागा, तिथे जायची वाट आणि तिथून सुटायची वाट मिळाली, ही मोठी वाढ आहे. त्याच कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरीत १६ तरुण मेले. घरून खेळ पाहायला निघालेली मुलं ती.

कोचीतही क्षमता अशीच कमी करावी लागली. तिथल्या स्टेडियमच्या पोटात दुकानं होती. सामन्यांच्या काळात ती बंद ठेवावी लागणार होती आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. दुकानदारांची बाजू खोटी नव्हती. त्यांचं पोट त्या गाळ्यांवर होतं. पण हजारो लोक बाहेर पडायच्या वाटेवर गॅसच्या टाक्या आणि माल असू नये, हेही तितकंच खरं. स्टेडियम बांधताना उत्पन्नासाठी गाळे काढायचे आणि पुढे सुरक्षेसाठी ते रिकामे करायला धावायचं, ही गाठ आपल्या अनेक शहरांत आहे. ती नकाशा काढतानाच टाळता येते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इंडोनेशियातल्या मलांगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये १३५ माणसं मेली. सामना संपल्यावर गर्दीवर अश्रुधूर सोडला गेला आणि लोक अरुंद दरवाजांपाशी अडकले. फिफाच्या सुरक्षा नियमांत स्टेडियममध्ये अश्रुधुराला मनाई आहे. नियम लिहिलेला होता. त्या रात्री मैदानावर असलेल्या माणसांपर्यंत तो पोहोचला नव्हता. म्हणून तयारी म्हणजे दरवाजे रुंद करणं एवढंच नाही. दरवाजावर उभा असलेला माणूस कोण आहे, कुलपाची किल्ली कुणाकडे आहे, इशारा झाल्यावर त्यानं काय करायचं, याची त्याच्याकडून पुन:पुन्हा करून घेतलेली तालीम म्हणजे तयारी.

आणि गर्दी काही स्टेडियमच्या फाटकापाशी सुरू होत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसात अडकलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. त्या दिवसापासून नवी मुंबईतल्या पहिल्या सामन्याला एकच आठवडा उरला होता. एकाच महानगराच्या एका टोकाला जगातल्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रत्येक बाहेरची वाट मोजली जात होती, आणि दुसऱ्या टोकाला रोज लाखो माणसं ज्या पुलावरून जातात तो कुणी मोजला नव्हता. सामन्याला येणारा मुलगा लोकलनं येतो, नेरूळला उतरतो, पूल ओलांडतो, रस्ता ओलांडतो आणि मग स्टेडियमला पोहोचतो. या साखळीतली प्रत्येक कडी तपासायला हवी. स्टेडियमची क्षमता पन्नास हजार आणि स्थानकाच्या पुलाची पाचशे असेल, तर त्या शहराची क्षमता पाचशे आहे.

लहान वाटणाऱ्या गोष्टीही याच साखळीतल्या. दिल्लीत स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना पिण्याचं पाणी पुरलं नाही. सुरक्षेच्या कारणानं बाहेरची बाटली आत नेता येत नव्हती आणि आत पाणी अपुरं होतं. प्रेक्षकांत शाळकरी मुलं मोठ्या संख्येनं होती. आयोजकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. यातून एक साधा धडा मिळतो: ज्या क्षणी आपण माणसाच्या हातातली बाटली काढून घेतो, त्या क्षणी त्याच्या तहानेची जबाबदारी आपल्यावर येते.

श्रोतेहो, इथवर मी काय करावं लागतं ते सांगितलं. आता का करावं, याकडे येतो. 'मुलांना खेळायला मैदान नाही आणि तुम्ही विश्वचषक कसले भरवता?' असा प्रश्न विचारला जातो. तो प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. माझं म्हणणं असं, की मोठी स्पर्धा दोन दुर्मीळ गोष्टी घेऊन येते. पहिली, हलवता न येणारी तारीख. दुसरी, बाहेरचा परीक्षक. फिफाची पथकं पुन:पुन्हा येऊन पाहणी करत होती. स्पर्धेचे संचालक हाविएर सेप्पी यांनी कोचीतल्या दिरंगाईबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती. 'पुढच्या अर्थसंकल्पात पाहू' हे उत्तर तिथे चाललं नाही. जी कामं आपल्याकडे वर्षानुवर्षं फायलींत पडून राहतात, ती चार वर्षांत झाली. म्हणजे आपल्याकडे क्षमता आहे, पैसा आहे, कारागीर आहेत, हे सिद्ध झालं.

पण साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळेच्या भिंतींना चुना लागतो आणि साहेबांची गाडी वळली की पुढच्या तपासणीपर्यंत कुणी भिंतीकडे पाहत नाही, तसं स्टेडियमचं होता कामा नये. जगात तसं झालेलं आहे. ब्राझीलनं २०१४ च्या विश्वचषकासाठी अॅमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरात सुमारे ४४ हजार खुर्च्यांचं स्टेडियम उभं केलं. तिथे स्पर्धेचे चार सामने झाले. त्या शहरात तेव्हा पहिल्या श्रेणीत खेळणारा एकही क्लब नव्हता. राजधानी ब्राझीलियातल्या महागड्या स्टेडियमचं आवार पुढे बसगाड्या उभ्या करायला वापरलं गेलं. कतारनं २०२२ मध्ये जहाजी कंटेनर वापरून सुटं करता येईल असं एक स्टेडियम बांधलं, ते याच अनुभवातून. स्पर्धेनंतर या वास्तूचं काय, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो.

आपल्याकडे उलट, आशा वाटावी अशी एक गोष्ट गोव्यात घडली. मडगावचं फातोर्डा स्टेडियम २०१४ च्या लुसोफोनिया क्रीडा स्पर्धांसाठी नव्यानं सजलं, २०१७ मध्ये तिथे विश्वचषकाचे सामने झाले. बांबोळीचं मैदान, वास्कोचं टिळक मैदान आणि गावोगावची सरावाची मैदानंही या वर्षांत सुधारत गेली. मग २०२० मध्ये कोविड आला. देशभर खेळ थांबला. तेव्हा इंडियन सुपर लीगचे अकरा संघ गोव्यात एकत्र आले आणि अख्खा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर पार पडला. पुढचा हंगामही तिथेच झाला. मार्च २०२१ मध्ये मुंबई सिटी एफसीनं आपलं पहिलं विजेतेपद फातोर्डावर जिंकलं. अकरा संघांना रोज सराव करायचा तर एक झगमगीत स्टेडियम पुरत नाही. जवळजवळ असलेली अनेक साधी, चांगली मैदानं लागतात. गोव्याकडे ती होती. तो राज्याचा खरा ठेवा.

याच कारणानं मला नवी मुंबईच्या तयारीतली सर्वांत मोलाची गोष्ट मुख्य स्टेडियमपेक्षा सरावाची मैदानं वाटतात. मुख्य स्टेडियम खासगी संस्थेचं आहे. तिथे रोज संध्याकाळी वस्तीतली मुलं खेळायला जाणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही कुणी करू नये. पण परदेशी संघांच्या सरावासाठी महापालिकेनं नेरूळचं यशवंतराव चव्हाण मैदान फिफाच्या मापात बसेल असं तयार केलं. ते मैदान करदात्यांचं आहे. पाहुणे गेल्यावर ते कुणाला, किती वेळ, कुठल्या अटीवर खेळायला मिळतं, त्याचं गवत कोण कापतं, दिव्यांचं बिल कोण भरतं, यावर स्पर्धेचा खरा निकाल लागतो. पदकांच्या तक्त्यात तो दिसत नाही.

याला एक भक्कम पुरावा आहे. २०१७ च्या भारतीय संघात २१ खेळाडू होते. त्यांपैकी आठ मणिपूरचे. मणिपूरमध्ये स्पर्धेचा एकही सामना नव्हता. कोलंबियाविरुद्ध दिल्लीत भारताचा फिफा स्पर्धेतला पहिला गोल करणारा जॅकसन सिंग मणिपूरचाच, कर्णधार अमरजित सिंगही तिथलाच. आपल्या महाराष्ट्रातून त्या संघात खेळला तो अनिकेत जाधव. तो कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून वाहतं. मणिपूर असो की कोल्हापूर, खेळाडू तिथे जन्माला येतो जिथे गल्लीच्या तोंडाशी खेळायची जागा असते आणि खेळ पाहायला गल्ली जमते. विश्वचषकाचं स्टेडियम त्याला शेवटची पायरी देतं. पहिली पायरी वस्तीतलं मैदान देतं.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी आपल्या राज्यात 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' राबवलं गेलं. दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा, हा हेतू. शाळांना चेंडू वाटले गेले, मुलं उत्साहानं उतरली. हेतू चांगला होता, आणि एका दिवसासाठी का होईना, अनेक मुलींनी पहिल्यांदा चेंडूला लाथ मारली. पण चेंडूचं आयुष्य काही महिन्यांचं. मैदान नीट ठेवलं तर पिढ्यांचं. चेंडू वाटण्याइतकी तत्परता मैदान राखण्यात दिसली, तर त्या दिवसाचं फळ मिळेल.

आणखी एक गोष्ट सांगतो. जानेवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचे आपण यजमान होतो. नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी, तिन्ही मैदानं महाराष्ट्रातली. गवत तयार, दिवे तयार, पाहुणे हजर. इराणविरुद्ध एक सामना खेळून झाल्यावर आपल्या संघात कोविडची लागण इतकी पसरली, की तैवानविरुद्ध संघच उभा करता आला नाही आणि यजमान भारत स्पर्धेबाहेर गेला. त्या मुलींनी कित्येक वर्षं या स्पर्धेसाठी घाम गाळला होता. तयारीचा केंद्रबिंदू खेळाडू आहे, वास्तू नव्हे, हे त्या आठवड्यानं कठोरपणे शिकवलं. भिंती, दिवे, खुर्च्या हे सारं ज्यांच्यासाठी आहे त्यांची प्रकृती, त्यांची राहण्याची जागा, त्यांचं जेवण हेही त्याच तयारीचे भाग आहेत.

माझं निदान थोडक्यात असं आहे. आपण उत्तम मैदान बनवू शकतो का, हा प्रश्न सुटला आहे. परदेशी पाहुण्यांसाठी तीन आठवडे जो दर्जा आपण राखला, तो आपल्या मुलांसाठी वर्षाचे बारा महिने राखायचा की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे. तो तंत्राचा नाही, मनाचा आहे. आणि मनाचा असल्यामुळे तो मंत्रालयाइतकाच आपल्या वॉर्डातही सुटू शकतो.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या वस्तीतलं सर्वांत जवळचं सार्वजनिक मैदान निवडा आणि पालिकेला चार प्रश्न लेखी विचारा. या मैदानाच्या देखभालीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद किती आहे आणि तिथे कायमचा माळी आहे का? मुलांना विनाशुल्क खेळायचे तास कोणते आणि त्यांचा फलक फाटकावर लावला आहे का? वर्षातले किती दिवस हे मैदान मंडप, प्रदर्शनं आणि समारंभांना दिलं जातं आणि त्यानंतरचे खड्डे कोण बुजवतं? मुलींसाठी स्वच्छ, कुलूपबंद नसलेलं स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी आहे का? उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा, आणि आलेलं उत्तर मैदानाच्या फाटकावर चिकटवा. ज्या शहरातली शंभर माणसं हे करतील, त्या शहराला स्पर्धेच्या तारखेची वाट पाहावी लागणार नाही. उद्या सकाळी आपण प्रत्येकानं यातलं एक पत्र लिहावं, हीच मी त्या क्रीडाशिक्षकांच्या स्मृतीला वाहिलेली खरी आदरांजली मानेन.